हौसाआत्याचं बिनकडीचं दार

शाळेच्या ऑफिसातला फोन वाजला की तो माझ्यासाठी नसू दे, असं मनात म्हणायची मला सवयच लागून गेली होती. कोल्हारहून फोन म्हणजे भास्करचं काहीतरी झालं, हे ठरलेलंच. त्या दिवशी मी सातवीच्या वर्गावर होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, कोल्हारचा फोन आहे," आणि मी हातातल्या खडूसकट धावले. पलीकडून भास्करचाच आवाज आला तेव्हा मला हायसं वाटलं. भास्कर बोलतोय, म्हणजे भास्कर आहे. मग तो म्हणाला, "मंगलताई, आई गेली." आणि जरा थांबून, "मी हाक मारली गं... तिनं ओ दिली न्हाई."

हौसाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती गेल्याचं ज्यांना ज्यांना कळवलं, त्या सगळ्यांनी पहिल्यांदा एकच विचारलं, "अगं बाई... आणि भास्कर?" आत्याला काय झालं होतं, दुखणं होतं का, शेवटी त्रास झाला का, हे सगळं नंतर. कुणाला त्यांच्यावर रागवायचं कारण नाही. नगरहून एसटीत बसले, राहुरी मागे पडली, तरी माझ्याही डोक्यात तेच होतं. गेली पाच-सहा वर्षं त्या घरातल्या एका खोलीच्या दाराशी आत्या बसून होती. आता तिथं कोण बसणार? खिडकीतून उसाचे ट्रक जाताना दिसत होते आणि मला आत्याचं रडू येण्याऐवजी नुसती धास्ती वाटत होती.

कोल्हारच्या पुलाच्या अलीकडे, मनमाड रस्त्याच्या कडेला आत्या पेरू विकायची. नवरा कारखान्यात होता, तो लवकर गेला. त्यानंतर ती पाटी आणि तो रस्ता हाच तिचा संसार. एसटी थांबली की पाटी डोक्यावर घेऊन ती खिडक्याखिडक्यांना फिरायची, आणि पेरू घेतल्याशिवाय माणूस पुढे जाऊ नये अशी तिची बोलण्याची रीत होती. "घ्या की सायेब, देवाला निघाला, रिकाम्या पोटी देव पन वळखत न्हाई," असं ती शिर्डीला निघालेल्यांना म्हणायची. आपण स्वतः देव मानत नाही, हे तिच्या धंद्याच्या आड कधी आलं नाही. आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा ती लहान होती. वंदना तिला झोपेतसुद्धा म्हणता यायची. वस्तीतल्या विहाराची जमीन पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तीच सारवायची आणि वर सगळ्यांना ऐकवायचीही. गोड बोलणं हे फक्त गिऱ्हाइकासाठी असतं, घरच्यांसाठी नाही, असा तिचा सरळ हिशेब होता.

भास्कर तिचा एकुलता एक. आधी ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर. साखरेची पोती घेऊन मुंबईला जायचा, चार-चार दिवस तिकडेच गोदीपाशी मुक्काम. तिथंच कुणीतरी त्याला गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, दाखवली. थकवा जातो, अंग दुखत नाही, घरची आठवण येत नाही, असं त्यानं मला पुढे कधीतरी सांगितलं. सुरुवातीला पन्नीवरचा धूर, मग सुई. ट्रक सुटला, लग्न ठरत आलं होतं ते मोडलं, आणि एक दिवस त्याच्याच मालकाच्या दुसऱ्या ड्रायव्हरनं त्याला पुलापाशी उतरवून दिलं. अंगावर हाडं तेवढी राहिली होती. आत्यानं पाटी तिथंच सोडली आणि त्याला हाताला धरून घरी नेलं. शेजारच्या बायका म्हणाल्या, "हौसाबाई, गप ऱ्हा. टीबी झालाय म्हन. झाकली मूठ सव्वा लाखाची." आत्या तेव्हा गप्प राहिली. ती गप्प राहिलेली मी त्या एकाच वेळी पाहिली.

पण अशी मूठ झाकून किती दिवस राहणार? गावात 'गर्दुल्ला' हा शब्द आला आणि भास्करचं नाव गेलं. हॉटेलात तो बसला की शेजारचं बाकडं रिकामं व्हायचं. सायकलची हवा कुणी सोडली, कोंबडी कुणाची गेली, तरी पहिलं बोट त्याच्याकडे. एड्सची भीती तेव्हा नुकतीच गावोगाव पोचली होती. न्हाव्यानं त्याची दाढी करायचं बंद केलं. खरं म्हणजे न्हाव्याला इतर गिऱ्हाइकांनीच दम दिला होता. ते कळलं त्या दिवशी आत्यानं बाजारातून नवा वस्तरा आणला, भास्करला पेरूंच्या पाटीशेजारी, भर रस्त्यावर, पोत्यावर बसवलं आणि स्वतः त्याची दाढी केली. मी समोर उभी होते. तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. जाणारे-येणारे थांबून बघत होते, त्यांना ती म्हणाली, "बगा बगा. माझ्या पोराचं नाव भास्कर हाय. ज्याला येत नसंल त्यानं माझ्याकडनं शिकून जावा."

नगरच्या दवाखान्यात त्याला दाखल केलं तो त्यानंतरचा महिना. मी नगरलाच राहत असल्यानं डबा न्यायचं काम माझ्याकडे होतं. अंगातून गर्द उतरताना माणसाचे काय हाल होतात ते मी पाहिलं आहे, आणि 'नुसती जिद्द पाहिजे' असं म्हणणाऱ्याशी मी तेव्हापासून वाद घालत नाही, उठून जाते. डॉक्टरीणबाई मायेच्या होत्या. भास्कर सावरला. अंगावर मांस धरलं, हसायला लागला, माझ्या डब्यातल्या भाजीला नावं ठेवायला लागला. तो घरी आला तेव्हा बुद्धपौर्णिमा जवळ आली होती, आणि इथं आत्यानं ती गोष्ट केली, जी आमच्याच लोकांना सुचावी.

आमच्यात पाच शिलं. त्यातलं पाचवं नशेपासून दूर राहण्याचं. वस्तीनं हे शील विशेष कडक धरलं होतं, आणि त्याला कारणही होतं. दारूनं इथली एक अख्खी पिढी खाल्ली होती. विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष गुणवंतराव, कारखान्यात क्लार्क होते, त्यांचे स्वतःचे वडील गुत्त्यापुढच्या गटारात सापडलेले. तेव्हा दारू सोडलेल्या माणसानं पौर्णिमेला सगळ्यांपुढे उभं राहून पाचवं शील एकट्यानं म्हणायचं आणि कमिटीनं त्याच्या गळ्यात हार घालायचा, अशी रीत त्यांनी पाडली होती. आत्या गुणवंतरावांकडे गेली आणि म्हणाली, माझ्या भास्करला उभं करा. तिला काय वाटत होतं ते मला पक्कं माहीत आहे. ज्या गावानं त्याच्या शेजारचं बाकडं सोडलं, त्या गावानं त्याला एकदा मान वर करून बघावं, एवढंच.

भास्कर पांढरा शर्ट घालून उभा राहिला. आवाज बरा लागला. हार घातला, टाळ्या पडल्या, आत्या पहिल्या रांगेत पदरानं डोळे पुसत होती. कार्यक्रम झाल्यावर तो माझ्याजवळ आला, हार हातात गुंडाळलेला, आणि हळूच म्हणाला, "ताई, आता पडायला जागाच ऱ्हायली न्हाई." मी म्हटलं, "पडतोस कशाला वेड्या?" तो हसला. मीही हसले...

पडायला जागा नसली म्हणून माणूस पडायचं थांबत नाही, तो लपून पडतो. मे महिन्याची सुट्टी असल्यानं मी आत्याकडेच होते. दुपारची वेळ. नळाला पाणी आलं होतं आणि आम्ही दोघी हंडे भरत होतो. भास्कर मागच्या खोलीत होता. भरलेला हंडा घेऊन आत्या घरात गेली आणि ओट्यापाशीच थबकली. "मंगल, कडी लावल्याचं ऐकलंस का गं?" मी म्हटलं, "कपडे बदलत असेल." तिनं हंडा खाली ठेवला. "भास्कर," तिनं हाक मारली. उत्तर नाही. "भास्कऱ्या!" उत्तर नाही. कान लावला तर आतून घोरल्यासारखा आवाज येत होता, पण मधेच तुटणारा, आणि पुन्हा येईल की नाही असं वाटायला लावणारा. मला ती झोपच वाटली. आत्याला नाही वाटली. तिनं कोपऱ्यातली पहार उचलली आणि दाराच्या फटीत घातली. पेरू विकणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाईच्या अंगात तेवढं बळ कुठून आलं मला माहीत नाही. पहिल्या दणक्याला कडी वाकली, दुसऱ्याला दार उघडलं.

भास्कर भिंतीला टेकून बसलेला, मान छातीवर, ओठ निळे पडलेले. आत्यानं त्याला कुशीवर केलं, गालावर मारलं, नाव घेऊन ओरडली. मी रस्त्यावर धावले. टेम्पोवाल्यानं "काय झालं?" विचारलं. मी सांगितलं, "श्वास चालत नाही." त्यापुढचं विचारायला त्याला मी वेळच दिला नाही. दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यात आत्या त्याच्या कानाशी तोंड नेऊन एकच म्हणत होती, "हाय का रं? हाय का रं भास्कर?" दर वेळी तिला छातीवर हात ठेवून बघावं लागत होतं. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, आणि बऱ्याच वेळानं त्यानं मोठा श्वास घेतला, डोळे उघडले, आणि आईकडे बघून पहिल्यांदा म्हणाला, "कमिटीला सांगू नको."

हे वाक्य आत्याला लागलं. कुणाच्या शिवीनं लागलं नसेल इतकं लागलं. पुढच्या आठवड्यात आम्ही नगरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो तेव्हा त्या रागावतील म्हणून भास्कर खाली मान घालून बसला होता. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते साधंच होतं. इतके दिवस शरीर गर्दशिवाय राहिलं की त्याची जुनी सवय मोडते. जेवढं पूर्वी सोसायचं तेवढं आता सोसत नाही, श्वासच थांबतो. म्हणून सोडून पुन्हा घेतलेल्या वेळी माणसं दगावतात. आणि लाजेपायी दार लावून घेतात, म्हणून वाचवायलाही कुणी नसतं. "औषध देते. दुसऱ्याची सुई कधीही वापरायची नाही. पुन्हा चुकलास तर लपायचं नाही, आईला सांगायचं," त्या भास्करला म्हणाल्या. मग आत्याकडे वळून, "मावशी, सुटेल त्याचं. वेळ लागेल. पण सुटेपर्यंत जिवंत तर राहायला हवा ना?" परतीच्या एसटीत आत्या खिडकीबाहेर बघत होती. राहुरीच्या आसपास म्हणाली, "मीच त्याला सगळ्यांम्होरं उंचावर चढवलं गं. उतरायला शिडी ठिवली न्हाई."

घरी येऊन तिनं चहासुद्धा ठेवला नाही. वाकलेली कडी दाराला लोंबत होती. तिनं शेजाऱ्याकडून पेचकस आणला, आतली कडी काढली, बाहेरची काढली, आणि दोन्ही भंगारवाल्याच्या गाड्यावर नेऊन टाकल्या. दाराला चार भोकं राहिली. कडी नसल्यामुळे ते दार कधी पुरतं मिटायचंच नाही, बोटभर फट राहायचीच. त्या फटीबाहेर आत्याची बसायची जागा ठरली. भाकऱ्या तिथं, पेरू निवडणं तिथं, शेजारणीशी भांडणसुद्धा तिथूनच. आणि अधूनमधून, बोलता बोलता, मान न वळवता ती हाक द्यायची, "हाय का रं?" आतून यायचं, "हाय." ती म्हणायची, "बरं." आणि पुन्हा आपल्या कामाला लागायची.

नातेवाइकांनी तिला सोलून काढलं. राहुरीची माझी मावशी तर तोंडावर म्हणाली, "नशा कराया दार उगडं ठिवलंय म्हातारीनं." मलाही पटत नव्हतं. मी विचारलं, "आत्या, तू त्याला घरात करू देतेस?" तिनं पेरू पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं. "करू देत न्हाई, बाई. मरू देत न्हाई. त्यो करतो तवा मला राग येतो, लई येतो. मी शिव्या घालते. पन शिव्या खायाला तरी त्यो पाहिजे का नको?" मग म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हनत हुत्या बाया. त्या मुठीत माझं पोरगं गुदमरत हुतं."

विहारात मात्र प्रकरण तापलं. भास्कर पुन्हा पडल्याचं कळलंच होतं. रविवारच्या वंदनेला ती त्याला घेऊन गेली तेव्हा गुणवंतराव दारातच उभे होते. मी मागे होते. ते मोठ्यानं बोलले नाहीत, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "हौसाबाई, तुम्ही या. त्याला आणू नका. त्यानं सगळ्यांसमोर शील घेतलं आणि मोडलं. लहान मुलं बघतात. दारूतून ही वस्ती कशी वर काढली ते तुम्हाला माहीत आहे." भास्कर मागे फिरायला लागला. आत्यानं त्याचं मनगट पकडलं. गुणवंतरावांचं खोटं नव्हतं आणि आत्या माघार घेणारी नव्हती.

"व्हय, मोडलं," ती म्हणाली. "दादा, आपन शिलं दर रविवारी का म्हनतो? एकदा घेतल्यालं जल्मभर पुरलं असतं तर पुन्यांदा म्हनलं असतं का कुनी? मोडतं, म्हनून तर म्हनतो. चवथं शील खोटं न बोलन्याचं हाय. सकाळधरनं ज्यानं खोटं बोललं न्हाई, त्यानं माझ्या पोराला भाईर काढावा. मला तर काढता यायचं न्हाई बाबा. म्या आत्ताच एसटीत सांगून आले, पेरू साखरंवानी गोड हायेत. दगडावानी हुते."

दोघं-तिघं हसले. गुणवंतराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला, पण ते दारातून हललेही नाहीत. वंदनेची वेळ झाली होती. ते वळून आत गेले आणि सुरुवात केली. भास्कर पायरीवर बसला. आत्या आत जाईल असं मला वाटलं. ती त्याच्याशेजारी पायरीवर बसली आणि तिथूनच, नेहमीपेक्षा जरा जास्तच मोठ्या आवाजात, पाचही शिलं म्हणाली. पुढं कितीतरी महिने त्यांची तीच जागा होती. आत कधी गेले ते मला नक्की सांगता येत नाही. एका पावसाळ्यात पायरी भिजलेली होती आणि कुणीतरी सतरंजी सरकवली, एवढं ऐकलं.

भास्कर चांगला झाला, असं लिहिता आलं तर मलाही आवडेल. तो पंक्चरच्या दुकानात बसायला लागला. सहा-सहा महिने बरे जायचे, मग एखादा वाईट. पण वाईट महिन्यात तो आईला सांगायचा, आणि आई त्याला शिव्या देत नगरला औषधाला आणायची. बातमी हळूहळू पसरली असावी. तोंडावर पदर ओढलेल्या बाया पेरू घ्यायच्या निमित्तानं थांबायला लागल्या. एकदा थेट जामखेडहून एक बाई आली होती, चांगल्या घरची दिसत होती, आणि नुसती रडत होती. आत्यानं तिला रडू दिलं, पेरू कापून दिला, आणि म्हणाली, "घरी जा. पैलं काम, त्याच्या खोलीची कडी काढ. मग त्याला त्याच्या नावानं हाक मार. बाकीचं डागतर बगतील." बाईनं विचारलं, "लोक काय म्हणतील?" आत्या म्हणाली, "लोक म्हनतीलच गं. त्यांची तोंडं काय आपन बांदलीत का?"

आत्या गेली ती सकाळीच, त्याच फटीबाहेर बसून. साखर वाढलेली होती, छातीत दुखत होतं, पण सांगितलं कुणाला नाही. इतकी वर्षं लपू नको म्हणून मुलाच्या मागे लागलेली बाई स्वतःचं दुखणं मात्र लपवून गेली, याचा मला अजून राग येतो. भास्कर आत होता. बराच वेळ हाक आली नाही म्हणून त्यानंच विचारलं, "आई, हाय का?"

आत्याच्या नावानं केलेल्या पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, भिंतीला टेकून बसलेली माणसं. सगळ्यांचे डोळे भास्करवर होते, आणि ते त्याला कळत होतं. तो पाणी वाढत होता, माणसांना बसायला जागा करत होता. राहुरीची मावशी मला म्हणाली, "आता बायामानसं मुक्कामाला ऱ्हानार. त्या खोलीला कडी लावून घ्या की." तिच्या मुलानं बाजारातून नवी कोरी कडी आणलीच होती, स्क्रूसकट. त्यानं ती दारावरच्या चार भोकांना लावून पाहिली. बरोबर बसत होती. भास्करनं ते पाहिलं. हातातला तांब्या ठेवला, खोलीत गेला आणि दार ओढून घेतलं. दार नेहमीप्रमाणे बोटभर उघडं राहिलं.

मावशीचा मुलगा कडी हातात घेऊन तसाच उभा. मी उठावं की नको ते मला कळेना. आपण उठलो आणि आत तसंच काही दिसलं तर... न उठलो तर... फटीबाहेरची आत्याची जागा रिकामी होती. इतकी गर्दी असून तिथं कुणी बसलं नव्हतं. त्या जागेच्या सगळ्यात जवळ गुणवंतराव बसले होते, चहाचा कप हातात धरून. आतून काहीच आवाज नव्हता. मेणबत्तीचं मेण ताटलीत गळत होतं, ते मी बघत राहिले.

मग आतून भास्करचा आवाज आला. "हाय."

कुणी हाक मारली नव्हती. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मला हुंदका फुटला, तिच्या जाण्याचं पहिलं रडू ते. उत्तर द्यायचं होतं, पण तोंडातून शब्द निघेना, आणि खोलीच्या आत तो वाट बघत असणार हे मला कळत होतं.

गुणवंतरावांनी कप खाली ठेवला. मावशीच्या मुलाच्या हातातली कडी काढून घेतली, आपल्या कोटाच्या खिशात टाकली, आणि दोन हात सरकून फटीबाहेरच्या त्या जागेवर जाऊन बसले. घसा खाकरला.

"बरं," ते म्हणाले.